रानपिंगळ्याचे उत्तर

८ जानेवारी
पोहोचलो! शहाद्याहून जीपने सातपुड्याच्या पायथ्याशी आलो. केळी संपली, ऊस संपला आणि एकदम साग. शंभराहून अधिक वर्षे नामशेष समजला गेलेला रानपिंगळा याच मुलखात पुन्हा दिसला होता! त्याच्यासाठी गावोगाव भाषणे करायची आणि त्याची मोजणी करायची, हे माझे काम. हा पिंगळा दिवसा जागा असतो, माझ्यासारख्या झोपाळूवर उपकारच. माझ्या आधीचा भूपेंद्र घसा बसून घरी गेला म्हणे. जीपवाला हिलाल कळसाडीचा. वाटभर माझे बोलणे ऐकून म्हणाला, "भाऊ, तुमना आवाजले स्पीकरनी काय गरज शे?"

१० जानेवारी
मोजणीची रीत सोपी आहे. पिंगळ्याची ध्वनिमुद्रित साद स्पीकरवर लावायची आणि गप्प उभे राहायचे. उत्तर आले की एक जोडी धरायची. आज जिथे जिथे उभा राहिलो तिथे तिथे उत्तर आले. पक्षी मात्र दिसला नाही. प्रकल्पाचे साहेब उमाकांत फोनवर खूश होते. दिसायची गरज नाही, ऐकू आला म्हणजे आहे, असे म्हणाले.

१५ जानेवारी
आज उत्तर आले त्या दिशेने चालत गेलो. टेकडीपलीकडे रानच नाही! सागाची थोटके, भुसा, ट्रकच्या चाकोऱ्या. चोरांनी झाडे नेली, पाहणाऱ्यांनी पाठ फिरवली आणि आम्ही त्या थोटकांवर 'संख्येत वाढ' लिहून टाळ्या घेतल्या. प्रगती म्हणतात हिला! संतापाने तिथेच साद लावली.
उत्तर माझ्या पायाजवळच्या थोटकातून आले. भर दुपारी.

१७ जानेवारी
पाड्यावरच्या रूपसिंगबाबांनी आज मला खडसावले. स्पीकरमधल्या पक्ष्याची ढोली ते थोटूक ज्या सागाचे, त्याच सागात होती. झाड पडले तेव्हा तो आत होता. आमच्यात गेलेल्याला त्याच्याच आवाजात बोलावत नाहीत, म्हणाले. बोलावले तर त्याला उत्तर द्यावेच लागते. त्याला गळा कुठला? तो बोलावणाऱ्याचा घेतो.
मी हसलो. हसण्याचा आवाज आला नाही.

२० जानेवारी
घसा पार बसला. विश्रामगृहात स्वयंपाक करणारी तापीबाई म्हणते, भाषणवाला मुका झाला म्हणजे गावाला सुट्टी. हसू आले नाही.
शहाद्यात समारंभ आहे. रानपिंगळा सुरक्षित झाला असे साहेब जाहीर करणार, मग उरलेल्या पट्ट्यावरची तोडबंदी उठणार. त्या पट्ट्यातल्या ढोलीत मी आज एक मादी पाहिली. स्पीकर न लावता. खरीखुरी, पिवळ्या डोळ्यांची, जिवंत. साऱ्या मोजणीत तेवढीच एक खरी! मंचावर सगळे सांगणार. मुर्दाडांनो, ऐकावेच लागेल तुम्हाला.

२३ जानेवारी
उभा राहिलो. म्हणालो — म्हणायचे होते, ही मोजणी खोटी आहे —
तोंडातून पिंगळ्याची साद आली. पुन्हा. पुन्हा.
लोकांना नक्कल वाटली. टाळ्या! साहेबांनी पाठ थोपटली, म्हणाले, वा, अजून एक जोडी धरा. तोडबंदी उठली —

२४ जानेवारी
करवतीचा आवाज. ढोलीकडे धावलो, आडवा झालो, ओरडलो. नुसती साद. झाड —
माझ्यावरच —
दुखले नाही. कसे दुखले नाही?

२५ जानेवारी
विश्रामगृहात परतलो. तापीबाईने एकच ताट वाढले, हिलालला. त्याच्यासमोर उभा राहिलो. तो माझ्यातून दाराकडे पाहत होता. रडत होता.

भर दुपार. बाहेर जीप. साहेब हिलालला सांगताहेत, सापडत नसेल तर त्याचेच मुद्रित केलेले भाषण लावा, असेल तर उत्तर देईल.
हिलालने बटण दाबले. स्पीकरवर मी. माझा आवाज, पूर्वीचा, खणखणीत. बंधूंनो आणि भगिनींनो —
असे तर गेलेल्याला —
नाही देणार. उत्तर नाही — हिलाल, बटण बंद कर, गळा तुझा —
तोंड उघडते आहे. हिलाल, पळ, तू