सहावी

९ नोव्हेंबर २०२४

चि. रेनोस, अ. आ.

पोलीस तुझ्या बंदुका गाडीत ठेवत होते, तेव्हा रस्त्यापलीकडे गाडीत मी बसले होते. त्या काढून घ्याव्यात असा कोर्टात अर्जही मीच दिला. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे तुझ्या टपालपेटीत टाकते.

तुझी बायको इर्मा वारल्यापासून तू धड जेवत नाहीस, ते मी सोसलं. पण कुत्रा शेजाऱ्याला देऊन म्हणालास, आता तो मला लागायचा नाही. तेव्हापासून माझ्या डोळ्याला डोळा लागलेला नाही. न्यायाधीशबाईंनी बंदुका किती विचारलं. पाच, म्हटलं. वर्षाने परत मिळतील. पंधराला हरणांची शिकार सुरू होईल आणि तू घरी बसशील. शिव्या दे, पण द्यायला राहा.

लोभ आटला असला तरी जेवत जा.

तुझी बहीण एल्मा

१४ नोव्हेंबर

ती. एल्मास,

नमस्काराला हात वळत नाही. केला असं समज.

पेट्रोलपंपावर विचारतात, यंदा हरणांना दगड मारणार का म्हणून. पोलीस म्हणजे कोस्केलांचा थोरला. दारात बूट काढून आत आला, बंदुका नेल्या, कॉफीला मात्र नको म्हणाला.

तू पाच सांगितल्यास, मीही पाचच दिल्या. सॉनाच्या दारामागची बाबांची साळिंदरवाली दोघांनाही आठवली नाही. तिला आपण बंदूक कधी म्हटलं? घामाने खारटलेल्या फळ्या साळिंदर कुरतडतं, त्याला हुसकायची वस्तू. झाडूशेजारी उभी असते.

काल वाफ घ्यायला सॉनात जाऊन दार लावलं, तेव्हा दिसली. शेगडी विझेपर्यंत समोर बसून होतो. आज तीनदा जाऊन आलो. काम काहीच नव्हतं.

शिव्या द्यायला कागद घेतला होता. राहू दे. ती घेऊन जा. कळावे, असं लिहितात, तुला कळेलच.

रेनो

(याच पत्राच्या पाठीवर, एल्माच्या अक्षरात)

१५ नोव्हेंबर. पत्र सकाळी सातला पेटीत सापडलं. काल संध्याकाळी त्याने टाकलं असणार. शिकारीचा पहिला दिवस; वाटभर रानातून बार ऐकू येत होते. प्रत्येक बाराला माझा पाय ब्रेकवर गेला.

रेनो सॉनाच्या पायरीवर बसला होता, पायांत नुसते मोजे. म्हणाला, उशीर केलास, कॉफी गार झाली.

साळिंदरवाली पोलिसांकडे नेली. कोस्केलांच्या थोरल्याने विचारलं, यादीत काय लिहू. बंदूक, म्हटलं.