बाबांची मूठ

४ डिसेंबर
बाबा गेल्यानंतरची ही पहिली वर्षअखेर. म्हणजे खाऱ्या बिस्किटांचं मीठ यंदा मी घालणार.

घरची पद्धतच आहे. एकतीस तारखेला सगळे एकत्र जमणार. परातीत मैदा, लोणी, मिरी घेऊन आई बसणार. मीठ मात्र घरातल्या मोठ्याने, सगळ्यांसमोर, मुठीने. चमचा नाही, वजनकाटा नाही. बाबा बरणीत हात घालायचे, मूठ वर धरून सगळ्यांकडे एकदा बघायचे आणि परातीवर सोडायचे. आम्ही टाळ्या वाजवायचो. माझ्या आठवणीत एकदाही मीठ कमी-जास्त झालं नाही.

मी पेशाने वजनमापं तपासणारा इन्स्पेक्टर. अंदाज रक्तातच आहे. तरी एक ट्रायल घेईन म्हणतो. उगाच नंतर कुणी बोलायला नको.

६ डिसेंबर
ट्रायल झाली. फर्स्ट क्लास. मीठ किंचित पुढे गेलं. आमच्या हिने एक बिस्किट तोंडात घातलं आणि न बोलता तांब्याभर पाणी प्यायली. चिरंजीवांनी विचारलं की हे खायचं आहे की गुळण्या करायच्या आहेत. कॉलेजात गेल्यापासून जीभ फार सुटली आहे.

दोष मिठाचा. हल्ली फार बारीक दळतात, मुठीत जास्त मावतं. यात माझा काही संबंध नाही.

९ डिसेंबर
धाकट्या बहिणीचा फोन. आई तिच्याकडे असते. म्हणाली, यंदा सगळे माझ्याकडेच या, बिस्किटं बेकरीतून आणू, आईला दगदग नको.

बेकरीतून! बाबांना जाऊन वर्ष झालं नाही तर ही बेकरीत निघाली. मी ठणकावून सांगितलं की एकतीस तारीख माझ्या घरी आणि मूठ माझी. ती म्हणाली ठीक आहे, पण बिस्किटं बिघडली तर पुढच्या वर्षीपासून कायमचं तिच्याकडे. मी म्हणालो, मंजूर.

बोलून बसलो खरा. पण काळजीचं कारण नाही.

१० डिसेंबर
दुसरी ट्रायल. अळणी. मूठ भरताना नेमका ऑफिसचा फोन आला, हात विचलित झाला. फोन बंद ठेवणे.

१३ डिसेंबर
डब्याच्या सुट्टीत ऑफिसच्या काट्यावर मुठी तोलून पाहिल्या. घरून मीठ नेलं होतं. प्रत्येक मूठ वेगळी भरते. कधी कधी तर दुप्पट. काटा बिघडलाय हे उघड आहे. शिपायाने आठवण करून दिली की याच काट्यावरून मी काल एका दुकानदाराला नोटीस दिली. त्याला म्हटलं, टेबल पूस आधी, सगळीकडे मीठ झालंय.

१६ डिसेंबर
हिने चमच्याचा विषय काढला. हळूच, भाजी वाढता वाढता. म्हणे कुणाला दिसणार नाही, आधी मोजून ठेवू आणि मुठीत देऊ.

मी ताटावरून उठलो. बाबांनी उभ्या आयुष्यात चमच्याला हात लावला नाही आणि मी कॉपी करून पास होऊ? चिरंजीव म्हणाले, पण मोजणं हेच तर तुमचं काम ना. म्हणालो, ऑफिसात. घर म्हणजे ऑफिस नव्हे.

हिच्याशी अबोला. संध्याकाळी चहा मागावा लागला म्हणून मोडला.

१९ डिसेंबर
ट्रायल. खारट. बिस्किटं मागच्या दाराशी कुत्र्याला टाकली. त्याने वास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि निघून गेला. आजारी दिसत होता.

२१ डिसेंबर
बाबांना हॉस्पिटलात विचारलं होतं. शेवटच्या आठवड्यात. म्हटलं, बाबा, मुठीचा अंदाज कसा घेता ते सांगून ठेवा. त्यांनी आधी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाले, हात आपोआप सांगतो. आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. थकले होते.

आज अर्धा तास बरणीत हात घालून बसलो. हात काही सांगत नाही. खाज मात्र सुटली.

२३ डिसेंबर
नवीन निष्कर्ष. बाबांचा पंजा लहान होता, माझा मोठा आहे. म्हणून तीन बोटांची मूठ. उद्यापासून तीन बोटं.

२४ डिसेंबर
तीन बोटांतून मीठ गळतं. निम्मं फरशीवर. हिने झाडू आणून दिला आणि काही बोलली नाही. तिचं हे न बोलणं फार लागतं.

२६ डिसेंबर
आज ट्रायल केली नाही. स्वयंपाकघरात एकटाच बसून राहिलो. बाबांची फार आठवण आली. वाटलं, आपल्यात त्यांचं काहीच उतरलं नाही. सगळे म्हणतात नाक त्यांचं आहे. नाक घेऊन काय करू?

एकतीस तारखेला सगळ्यांसमोर तोंडावर पडणार. पुढच्या वर्षीपासून बहिणीचं घर, बेकरीचा पुडा आणि मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर. रडू आलं. हिने पाहिलं. मी सांगितलं की मिरी डोळ्यात गेली.

२८ डिसेंबर
ही काल आणि आज आईशी फोनवर तासन् तास बोलतेय, दार लावून. मी आत गेलो की पांघरुणांची चर्चा सुरू. मला दोघींचा डाव कळलाय. यशस्वी मुठीनंतर माझं कौतुक करायचं ठरत असणार. मला असले सोहळे आवडत नाहीत. छोटंसंच करा म्हणावं.

३० डिसेंबर
आई, बहीण आणि तिची मुलं मुक्कामाला आली. हिने मिठाची बरणी धुऊन, पुसून तिच्यात नवं मीठ घातलं. म्हणे जुन्या मिठाला ओल आली होती. बघा! इतके दिवस मी हेच सांगतोय. ओलं मीठ होतं, म्हणून बिघडत होतं. माझ्या हातात काहीच खोट नव्हती.

३१ डिसेंबर, दुपार
सगळे टेबलाभोवती जमलेत. आईने मैदा घेतलाय. बहीण मोबाईल धरून उभी आहे, शूटिंग करणार म्हणे. पुरावा हवा असेल.

३१ डिसेंबर, संध्याकाळ
जमलं!

बरणीत हात घातला, मूठ भरली, वर धरली. सगळ्यांकडे एकदा पाहिलं, बाबांसारखं. सोडली. गंमत म्हणजे बरणीतलं जवळजवळ सगळं मुठीत आलं, तळ लागला. हात इतका मोकळा कधी पडला नव्हता. आईने मळलं, मुलांनी लाटलं, ओव्हनमधून पहिला ट्रे आला. बहिणीने एक तुकडा तोडला. तिने तुकडा खाल्ला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, अगदी बाबांच्या हातची चव.

मीही खाल्लं. खरंच तीच चव. खुसखुशीत, मीठ मोजून घातल्यासारखं. चिरंजीवांनी सहा खाल्ली. पुढच्या वर्षी इथेच, असं बहीण आपणहून म्हणाली.

हे रक्तात असावं लागतं. शिकून येत नाही.

१ जानेवारी, सकाळ
लवकर उठलो. खुशीत होतो. म्हटलं, आज स्वतःच अंडं करून खाऊ. बरणीच्या तळाशी उरलेली चिमूट घातली. अळणी. बरणी उपडी करून झटकली, राहिलेलं सगळं घातलं. तरी अळणी, आणि आता दाताखाली कचकच.

बरणीत बोट फिरवून चाटलं. रवा. बारीक रवा.

आई टेबलाशी चहा घेत होती. तिच्यासमोर बरणी ठेवली. ती आधी हसली, मग मला खाली बसवलं. म्हणाली, लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी बाबांनी मूठ टाकली आणि पाहुणे घागरभर पाणी पिऊन गेले. दुसऱ्या वर्षीपासून मीठ ती मैद्यातच मोजून मिसळायची, आणि बरणीत रवा. गेल्या आठवड्यात फोनवर हिलाही सगळं सांगितलं. मी रडलो हे हिनेच तिला कळवलं होतं म्हणे.

विचारलं, बाबांना माहीत होतं? छे, आई म्हणाली, त्यांना शेवटपर्यंत पत्ता नव्हता.

बरणीत पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग म्हणालो, पण रव्याचाही अंदाज लागतोच ना? जास्त पडला असता तर बिस्किटं दगड झाली असती. तेवढ्यात ही आली. ओशाळून म्हणाली की म्हणूनच रवाही मोजून ठेवला होता, चार चमचे. सगळा पडला तरी काही बिघडलं नसतं.

म्हणजे माझ्याऐवजी मांजराने बरणी सांडली असती तरी टाळ्या पडल्या असत्या.

१ जानेवारी, दुपार
शेवटची बिस्किटं खात चिरंजीव खोलीत आले. आज पहिल्यांदाच टिंगल नाही. खाटेवर बसले आणि अगदी मनापासून विचारलं की पुढे मूठ त्यांच्याकडे येईल तेव्हा अंदाज कसा घ्यायचा. बहिणीने काढलेला व्हिडिओ म्हणे चार वेळा पाहिला.

सांगून टाकणार होतो. तोंडही उघडलं. दारात ही उभी होती, तिच्यामागे आई.

म्हणालो, हात आपोआप सांगतो. आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.