टॅक्सीचा निळा धूर

५ फेब्रु. ७३, सोम. घोडेगाव
नगरला पासिंगला गाडी नापास. आरटीओच्या साहेबांनी सायलेन्सरला पांढरा रुमाल धरला, म्हणाले, "ॲक्सिलरेटर दाबा." दाबला. मागं निळा धूर, रुमालावर तेलाचे शिंतोडे. "धूर बंद करून आणा, मग बघू." सगळी रांग बघत होती. प्यायला टँकरचं पाणी, त्यातली बादलीभर सुमननं गाडी पुसायला दिली होती. काय उपयोग!
पास होईपर्यंत सीट भरायची नाही. विहीर कोरडी, रान उघडं, म्हाताऱ्या आण्णांसकट घर सगळं या टॅक्सीवर. नाही झाली तर मी अन् सुमन दुष्काळी कामावर खडी फोडायला.

६, मंगळ.
उस्मानच्या गॅरेजला. दिवाळीत इंजिनाचं काम त्यानंच केलं. वाटेत डोक्यात एकच, गड्यानं पिस्टनच्या रिंगा हलक्या घातल्या. तोंडावर बोललोही तसं. तो चिडला नाही. चिडला असता तर बरं वाटलं असतं.
प्लग काढले, चारही तेलानं ओले. मग प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून मला हँडल मारायला लावलं. "बघ, अंगठा उडवतंय. दम हाय इंजिनात. रिंगा गेल्या असत्या तर तेल खालनं आलं असतं. हे वरनं येतंय."
"वरनं म्हंजे कुठनं?"
"उद्या बघू. आज ट्रकवाला बसलाय."
उद्या म्हणे.

७, बुध.
उस्मानची वाट बघवेना. स्वतःच बॉनेट उघडलं. हवा गाळायच्या डब्यात धूळ धरायला तेल असतं, खुणेपर्यंत. हा काठोकाठ! इंजिन हवेबरोबर तेलच ओढत होतं. उपसून खुणेवर आणलं, गाडी चालू केली. थोडं भकभकली, मग धूर बंद. एवढ्यासाठी दोन दिवस जीव टांगणीला!
उस्मानला सांगायला पळत गेलो. तो हसला नाही. "मी खुनेवरच भरलं हुतं. मग वर कोन ओततंय?"
मी नाही. बाकी कोण?

९, शुक्र.
पुन्हा धूर. डबा पुन्हा काठोकाठ. म्हणजे कुणीतरी मुद्दाम करतंय. स्टँडवरचा दुसरा टॅक्सीवाला, बाबू. माझी टॅक्सी बंद तर सगळी सीट त्याला. सरळ गेलो अन् चार लोकांत बोललो. बाबू म्हणाला, "तुज्या डबड्याला हात लावायला मला येळ हाय व्हय?" चहावाल्यासकट सगळे हसले. हसा.
मंगळवारी पुन्हा पासिंग. सुमन वैतागलीय, "अवो, किती कूस बदलताय? मला तरी झोपू द्या."

१०, शनि.
पहाटे गोठ्याकडून आवाज. बैल छावणीत गेल्यापासून गाडी गोठ्यातच लावतो. दांडकं घेऊन गेलो. बाबूच सापडणार ही खात्री.
आण्णा होते. बॉनेट उघडं, हातात तेलाचं डबडं. हवेच्या डब्याचं झाकण काढून बारीक धार सोडत होते, एक थेंब बाहेर पडू न देता. दुसऱ्या हातानं गाडीला थोपटत होते. तोंडानं काहीतरी चाललेलं, बैलांशी बोलायचे तसं.
तसाच मागं फिरलो. दांडकं कुठं टाकलं आठवत नाही.
बैलगाडीच्या आसाला ते वंगण घालायचे, कधी चुकायचं नाही. उस्मानला दिवाळीत डब्यात तेल ओतताना बघितलं असणार, तेवढंच ध्यानात धरलं. आता बैल नाहीत, बैलगाडी उभीच. माझा बाप माझी गाडी बंद पाडतोय, अन् का, तर तिच्यावर जीव आहे म्हणून. राग आला. रडूही आलं. चहा घेताना त्यांच्याकडे बघता येईना.

११, रवि.
सुमन म्हणते, "सांगून टाका की. लेकाचं बोलनं ऐकतील न्हाई तर काय."
तिला काय माहीत नाही? बैल छावणीत गेले तेव्हा आण्णा महिनाभर कुणाशी बोलले नव्हते. आत्ता कुठं जरा... सांगितलं तर परत कशालाच हात लावायचे नाहीत.
काल संध्याकाळी तेलाचं डबडं शेजाऱ्यांकडे ठेवून आलो. आज सकाळभर आण्णांनी गोठा धुंडाळला, पण कुणाला विचारलं नाही. मग ओट्यावर बसून राहिले, हात नुसते मांडीवर. मी घरात थांबलोच नाही.
बाबूची माफी मागायचीय. तोंड नाही.

१३, मंगळ. नगर, पासिंगची रांग
आण्णांना बरोबर आणलं. "चला" म्हणायचा अवकाश, धुतलेलं धोतर नेसून माझ्या आधी गाडीत. वाटभर इंजिनाचा आवाज ऐकत होते. निघताना डबा बघितलाय, तेल खुणेवर. धूर नाही. आमच्या पुढं एकच गाडी.
मघाशी म्हणाले, "तुला ठाव न्हाई, हिला म्याच जपतो. बैलावानी."
मी म्हटलं, "ठाव हाय, आण्णा."
त्यांनी डॅशबोर्ड थोपटला. मग, "एवढं जपून बी मागल्या टायमाला नापास कशापायी केली रं?"
पेन्सिल घेऊन लिहितोय, म्हणजे उत्तर द्यायला लागत नाही. पुढची गाडी हलली. साहेब हात करून बोलावतायत. आण्णा अजून माझ्या तोंडाकडे बघतायत.