आईचं बोलणं रजनीलाच कळतं

४ मार्च

नर्सनं आईला म्हटलं, तोंड उघडा. आईच्या दातांमधून एक बोटसुद्धा आत जाईना. तिथून सगळं फिरलं. त्याच्या आदल्या दिवशीपर्यंत मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो, माझ्याकडे गाडी होती, मागच्या गल्लीतली रजनी गाडीवर मागं बसून दुर्गला कॉलेजात यायची.

आता आईचा डावा जबडा कॅन्सरनं गेला. रायपूरला कापला. मी स्टील प्लांटमध्ये बाबांच्याच ठेकेदाराकडे कामाला लागलो.

लोक म्हणतात, ऑपरेशन सरकारी कार्डावर झालं ना, मग फुकटच. बाबांची हजेरी बुडाली ती कोणत्या कार्डावर? गाडी विकली, कूलर विकला, आईची पोत गेली. आणि कशानं? गुडाखूनं. गुळात कालवलेली तंबाखू, सकाळ-संध्याकाळ दातांवर घासायची. "चहाहून सस्ती पडते," आईच सांगायची.

डॉक्टरनं तेव्हा विचारलं होतं, तोंडात एवढी जखम होईपर्यंत काय केलं? आई म्हणाली, "दुखे तं तिथंच गुडाखू लावो. मंग नाई दुखे." डॉक्टर लिहीत राहिला.

९ मार्च

आईची जीभ वळत नाही. नुसतं अं अं, आणि हातवारे. मी विचारतो पाणी? चादर? बाबा? ती चिडते, मी तिच्याहून चिडतो. आज तिनं उशी फेकली.

र. (रजनी) आली. दोन मिनिटं आईच्या हाताकडे पाहिलं. म्हणाली, "काकूच्या पाठीले गादीची गाठ टोचून राहिली."

खरंच गाठ होती.

"तुले कसं समजलं?"

"सकाळी नळावर बायका तोंडात गुडाखू धरून गोठी करत. थुंकल्याबिगर बोलता येते का? मंग सगळं हातानं. आजीच्या मांडीवर बसून शिकली मी. तुमी माणसं तवा झोपून राहत होते."

मग तिनं करून दाखवलं. गालावर दोन बोटं म्हणजे सासू. कमरेवर मूठ म्हणजे पाण्यानं भरलेली गुंडी. सासू गुंडीत पडली असं काहीतरी केलं तिनं, आणि आई हसली. अर्ध्या तोंडानं, पण हसली. ऑपरेशननंतर पहिल्यांदा.

मी दारात उभा होतो. लग्न करीन तर हिच्याशीच. आधीही लिहिलंय, परत लिहितो.

१६ मार्च

घरात गुडाखूचा वास आला. तोच. गोड, कुबट.

बाबांवर धावून गेलो. कॉलर धरली. बाबा म्हणाले, "अबे, माया तंबाखूचा खर्रा मी कवाच सोडला. तिच्यासाठी हे आनीन का मी? कसाई हो का मी?" आई पलंगावरून हात हलवत होती. काय म्हणत होती ते मला नाही कळलं.

१७ मार्च

दुपारी सुट्टी मारून घरी आलो. र. ओल्या फडक्यानं आईचं बोट पुसत होती. तिच्या ओढणीच्या टोकाला गुडाखूची डबी बांधलेली.

र.!

"कावून आणलं?"

"पोट साफ नाई होत तिचं याच्याबिगर. किती दिवसाची तळमळून राहिली. माये पाय धरले तुह्या आईनं. माये! तू काय केलं असतं?"

"मारून नसतं टाकलं. तू मारून राहिली."

मग काय काय बोललो. निघ म्हटलं. या घरात परत पाय टाकू नको म्हटलं. गल्लीतल्या बायका ओट्यावर आल्या.

ती रडली नाही. ओढणीची गाठ सोडली, डबी माझ्या हातात दिली. "फेकाची तं फेक. पन तिले सांगून फेक."

१८ मार्च

डबी नालीत टाकली. आईला नाही सांगितलं.

आई दिवसभर दाराकडे पाहत होती. डबीची वाट की र. ची, मला कसं कळणार.

२५ मार्च

र. फोन उचलत नाही. मेसेज वाचते, उत्तर नाही. चूक कोणाची? माझी म्हणावी तर आईच्या तोंडात विष तिनं... आणि तिची म्हणावी तर...

कॉलेजच्या गेटवर जाऊन उभा राहिलो. तिनं पाहिलं. मैत्रिणीला म्हणाली, "चल ना, बस निकल जाएगी." बस उभीच होती. ड्रायव्हर खाली उतरून चहा पीत होता.

२ एप्रिल

आईच्या उजव्या गालात आतून पांढरा चट्टा. आता उजव्या.

रायपूर. डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत. कुठं दुखतं, कधीपासून, गिळताना की नुसतंच? आई हात हलवते आणि मी अंदाजानं ठोकून देतो. तिसऱ्या उत्तराला आईनं माझा हात झटकला. तपासायला बारीक तुकडा काढायचा होता, तर तोंड घट्ट मिटून बसली.

बाई म्हणाल्या, "जो इनकी बात समझता है, उसको साथ लाइए. शनिवार को. देर मत कीजिए, मैं फिर बोल रही हूँ, देर मत कीजिए."

परतताना बसमध्ये आई खिडकीकडे तोंड करून. बोटं कानामागून खांद्यावर नेते, परत परत. बाबा हळूच म्हणाले, "वेणी. त्या पोरीची वेणी."

५ एप्रिल, शनिवार

आई कधीची तयार आहे. धुतलेलं लुगडं, मांडीवर फाइलीची पिशवी. पण पलंगावरून उठत नाही. वेणी, वेणी.

आणि आजच र. ला पाहायला डोंगरगडचे पाहुणे येणार. मुलगा रेल्वेत, पर्मनंट. सगळ्या गल्लीला माहीत.

बाबा म्हणाले, "मी जातो. हात जोडीन पाहुण्याइसमोर. तू गेला तं भांडशीन."

"नाई भांडत."

"तोंड पाह्य आपलं आरशात."

पाहिलं. बाबांचं चूक नाही.

तरी मीच जाणार. हाकललं मी, तर बोलवायला बाबांनी कावून जावं? काय बोलणार ते ठरत नाही. माफ कर? आईसाठी चल? त्या रेल्वेवाल्यासमोर? आईसाठी चल म्हटलं तर येईल बहुतेक. पण मग माझ्यासाठी ये, हे कधी म्हणू? आज नाही म्हटलं तर कधीच नाही. आणि आज म्हटलं तर आईचं राहून जाईल.

पाहुण्यांची गाडी मागच्या गल्लीत वळली. हॉर्न ऐकू आला.

आईनं हात हलवला. बाबा त्याचा अर्थ सांगायच्या आत मी चपला घातल्या. उभ्यानंच लिहितोय हे. वही खिडकीत ठेवतो.

जातो. आईला ऊन लागतं, दार ओढून घेतो.