सिल्लोडची गाडी शेवटी

गुरुवार, ४ बहमन
आजही घरी जाणं हुकलं. गुदामातून शेवटची गाडी निघाली तेव्हा शेठच्या घड्याळात पावणेचार. इतक्या उशिरा निघून चौक्याचा घाट उजेडात होत नाही, आणि अंधारात त्या घाटात कुणी बैल घालत नाही. फुलंब्रीची गाडी हर्सूलला मुक्काम करणार, उद्या दुपारी घर गाठणार. म्हणजे जुम्म्याची सुट्टी वाटेतच. म्हणून गेलोच नाही. हा तिसरा गुरुवार.
माझी पोर बबी आठ महिन्यांची झाली. मागच्या खेपेला उचलून घेतली तर तिनं घर डोक्यावर घेतलं. आई म्हणाली, "तिला तुझी वळखच नाय रं." तेव्हा हसलो. वाईट वाटलंच.

शुक्रवार, ५
सुट्टी. धोतर धुतलं, खिचडी लावली, करपवली. दिवसभर डोक्यात गुदाम. काय माणूस आहे मी.
आमची रीत अशी की एका गावाची यादी घ्यायची, तिचा सगळा माल काढायचा, गाडी भरायची, मग पुढची यादी. गूळ पार मागच्या टोकाला. हातगाडीवर सहा ढेपा मावतात, पण फुलंब्रीला हव्या दोन, खुलताबादला एक. हातगाडी बहुतेक रिकामीच पळते. पाच गावांसाठी पाच वेळा गुळाकडे, पाच वेळा मिरचीकडे, पाच वेळा तेलाच्या डब्यांकडे.
त्यापेक्षा पाचही याद्यांचा गूळ एकदम काढला तर? मग मिरची, मग साखर. सगळं अंगणात आणायचं आणि तिथं गाववार ढीग लावायचे.
दुसरं म्हणजे सिल्लोडची यादी सगळ्यात मोठी आणि तीच सगळ्यात आधी भरतो. तिच्यापायी चार लहान गाड्या अर्धा दिवस उभ्या. लहान आधी भरल्या तर थांबायचं एकट्या सिल्लोडनं.
कागदावर मांडून पाहिलं. शेवटची गाडी बाराला निघते! पुन्हा मांडलं. बाराच.

मंगळवार, ९
शेठना सांगितलं. ऐकून घेतलं, पान खाल्लं, म्हणाले, "मुन्शी, तुम्हाला घराची ओढ लागलीये." खोटं कशाला बोलू? "व्हय शेठ," म्हटलं. हसले. "बघू," म्हणाले आणि दोन गुरुवार दिले. जमलं तर कायम, नाहीतर जुनी रीत, आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही.
भिकाजी, आमचा हमालांचा मुकादम, त्याला विचारलं. "चालणं वाचतंय ना? मग आपल्याला लई पसंत."
हमालांना वाचता येत नाही, म्हणून प्रत्येक गावाची खूण ठरवली. सिल्लोड तांबडी काव, पैठण चुना, गंगापूर कोळसा, खुलताबाद दोऱ्याची गाठ. फुलंब्रीला हळद. आपल्या गावाला जरा चांगली खूण दिली, तेवढं चालतं.

गुरुवार, ११
फजिती. लिहितानाही कान गरम होतायत.
सकाळी माल असा भराभर निघाला की भिकाजी गाणं म्हणायला लागला. साडेनऊला अंगणात ढीग तयार. मोजायला घेतलं तर फुलंब्रीची सात पोती जास्त आणि बाकी सगळ्या गावांची कमी.
आमचे शेठ दर गुरुवारी प्रत्येक थप्पीतून निघालेल्या पहिल्या पोत्याला स्वतःच्या हातानं हळदीचं बोट लावतात. मिरचीचं पहिलं, साखरेचं पहिलं, मिठाचं पहिलं. बारा वर्षं मी ते माझ्या डोळ्यांनी बघतोय. आणि मीच फुलंब्रीला हळद दिली! हमालांनी शेठनं बोट लावलेलं प्रत्येक पोतं इमानदारीनं फुलंब्रीच्या ढिगात टाकलं. शिवाय शेठनं ज्यावर बोट ठेवलं ते पोतं दुसऱ्या गावाला वळवायला कुणी धजेना. भिकाजी म्हणाला, "मालकाचा हात लागलाय, आमी कसं हलवावं?"
सगळं पुन्हा लावलं. सव्वातीन. घर गेलं.
शेठ रागावले नाहीत. अंगणात आले, ढीग बघितले आणि पोट धरून हसले. रागावले असते तर बरं वाटलं असतं. जाताना एवढंच म्हणाले, "एक गुरुवार उरला."

शनिवार, १३
फुलंब्रीची खूण बदलली. सुतळीत कडुलिंबाची डहाळी खोचायची. शेठ डहाळीला बोट लावत नाहीत, हे दोनदा विचारून घेतलं.
आता करीमचाचांचं काय? सिल्लोडची गाडी तेच हाकतात; बैलाचा नाल निघाला म्हणून अजून इथंच अडकलेत. परवाच्या गोंधळात गाडी शेवटी भरली हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. आज चहाला आले तेव्हा सांगितलं. कप खाली ठेवला. "मुन्शीजी, सिल्लोडच्या हाजीसाहेबाचा माल पयला चढतो. उनके अब्बा के जमाने से. मी रिकामी गाडी घेऊन उभा राहू आणि खुलताबादवाला माझ्यासमोरून निघून जाईल? सिल्लोडमें क्या मुँह दिखाऊं?"
मी वेळेचा हिशेब सांगितला. हिशेब बरोबर आहे म्हणाले. चहा तसाच टाकून गेले.
खरं तर त्यांचंही चुकत नाही. गाड्यांची वेळ मी मांडली, मानाचं काही मांडलंच नव्हतं.

मंगळवार, १६
भिकाजीनं सोडवलं. मी दोन दिवस कागद खराब करतोय आणि हा तंबाखू मळता मळता म्हणतो, "एकच पोतं पयलं चढवा की. बाकीचं मागनं."
शेठकडे धावत गेलो. म्हणाले, पहिलं पोतं मी स्वतः उभा राहून चढवीन.

गुरुवार, १८. घाईत, गाडीत बसून
झालं!
पहाटे फटफटतानाच सुरुवात. शेठनी सिल्लोडच्या गाडीवर साखरेचं एक पोतं सगळ्यांदेखत चढवलं, हळद लावली, करीमचाचांना पान दिलं. चाचा त्या एका पोत्याशेजारी अशा थाटात बसले की विचारू नका. मग खुशाल बैल सोडून वैरण घातली. खुलताबाद साडेआठला बाहेर. फुलंब्री नऊ. गंगापूर, पैठण. साडेअकराला सिल्लोड भरून तयार.
गंमत म्हणजे माझ्याच रीतीनं फुलंब्रीची गाडी मला सोडून निघून गेली. सगळा माल गेल्याशिवाय मला हलता येत नाही. पण सिल्लोडचा रस्ता फुलंब्रीवरूनच जातो, आणि चाचांचा रात्रीचा मुक्कामही तिथंच. तेव्हा ज्यांना शेवटी ठेवलं त्यांच्याच शेजारी बसलोय. चाचा म्हणतात, "लिखो लिखो. आमचंबी नाव लिवा." लिहिलं.
हर्सूल मागं पडलं. ऊन छान आहे. अक्षर हलतंय.

शुक्रवार, १९. घरी
काल दिवेलागणीला पोचलो. कारभारीण गोदा दारात. मला बघून आधी घाबरलीच, काय झालं, नोकरी गेली का? सांगितलं तर म्हणाली, "मग हे आधी का नाय सुचलं?" बारा वर्षांत का सुचलं नाही, खरंच.
बबी काल रडली. आज सकाळीही रडली. तिला न उचलता नुसता अंगणात शेंगा फोडत बसलो. मग रांगत आली, गुडघा धरून उभी राहिली, माझ्या मिशीला हात लावून बघितला. दुपारी मांडीवर झोपली. पायाला मुंग्या आल्या तरी हललो नाही. गोदा जेवायला बोलवत होती, तिला हातानंच थांब म्हटलं.
फार बरं वाटतंय. एवढंच लिहितो. निघायची वेळ झाली.

शनिवार, २०
शेठ खूष. गल्लीतले दुसरे व्यापारी अंगण बघायला येऊन गेले. भिकाजी त्यांना समजावून सांगत होता, जणू त्याच्या बापाची रीत. सांगू दे, निम्मी त्याचीच आहे.
जाताना शेठनी पाठीवर थाप मारली. "मुन्शी, बाराला अंगण रिकामं! दिवस अर्धा उरतो. कन्नड आणि वैजापूरवाले कधीचे मागं लागलेत. दोन्ही याद्या घेतल्या."
"गुरुवारीच?" मी विचारलं.
"मग कधी? गुरुवारीच."

बुधवार, २४
सात याद्या मांडल्या. दोन वाजतात. कशाही फिरवल्या तरी दोन. कन्नडचं मीठ आजच काढून अंगणात ठेवलं तर दीड. दीडला निघालं तर घाट जेमतेम उजेडात.
शेठना म्हटलं, दोन याद्या बुधवारी भरू द्या. म्हणाले, "बघू." त्यांचा बघू मला ओळखीचा आहे, पण दोन गुरुवारही बघूतूनच मिळाले होते. रागावण्यासारखं काही नाही. धंदा वाढला, माझ्यामुळं वाढला, ह्याचा आनंदही आहे. खोटं नाही.
करीमचाचा आजच येऊन उतरलेत. उद्या उशीर झाला तर? म्हटलं, "तुम्ही निघा, घाट गाठा." ते म्हणाले, "तुमच्याबिगर कसा निघू? बच्चीला सांगून आलो ना, उद्या तुझ्या बापाला आणतो."
ती काय म्हणाली, विचारलं.
"काय म्हणंल? माझ्या मागं बघत होती, गाडीत."