मी कबूल केलेला खून

चि. बुपे हिला लेवीकाकाचे पोटभर आशीर्वाद. आई जेवते का गं? मक्याचा घट्ट नशिमा घशाखाली उतरत नसेल तर पेज तरी दे. माझी तब्येत उत्तम आहे. फक्त गावाच्या मते मी खुनी आहे.

घडलं ते असं. तुझ्या बाबाला पुरताना मी रिवाजाप्रमाणे (आम्ही न्गोनी जमातीचे, तुम्ही बेम्बा, जन्माचे थट्टेचे भाऊ, एकमेकांच्या मयताला रडणाऱ्यांना हसवायचं काम आपलंच) खड्ड्याच्या काठावर ओरडलो, "या माकडखाऊला मीच मारलं! आता याच्या कोंबड्या माझ्या!" सगळे हसले, तुझी आईसुद्धा. मग तू तिला घेऊन लुसाकाला गेलीस आणि तुझ्यामागे तुझ्या वर्तमानपत्राच्या वार्ताहराने, त्या लुबासीने, पहिल्या पानावर हातभर मथळा छापला: 'मीच मारलं! कबरीपाशी कबुली.' ही थट्टा होती, हे सातव्या पानावर, खताच्या जाहिरातीखाली. तेवढं वाचतो कोण? खाटीकसुद्धा माझ्याकडे पाठ करेना.

मग फौजदार आले. (ठाण्याची जीप त्यांचे कोबी वाहते, हे तुम्ही छापलंत तेव्हापासून ते टपलेलेच होते.) लुबासीला कोठडीत घालून, छापखान्याला कुलूप ठोकूनच आले. म्हणाले, "आजोबा, बदनामीच्या तक्रारीवर सही करा. वर्तमानपत्र कायमचं बंद करतो."

"बदनामी कसली? मी बोललो तेच छापलंय."

"म्हणजे खरंच खून केलात?"

"केला की! जन्मभर शिव्या घालून घालून. करा अटक."

बिचारे घामाघूम झाले. अटक करावी तर गाव हसणार, न करावी तर माझी सही नाही, म्हणजे तक्रारच उरत नाही. संध्याकाळी कुलूप निघालं, लुबासी सुटला. त्याला मी आधी जेवू घातलं, मग सोलून काढलं.

बुपे, पुन्हा कुणी कुलूप घेऊन आला तर मी छापखान्याच्या दारात आडवा पडेन. पण तो मथळा वाचून मी दिवसभर घराबाहेर पडलो नाही, हेही खरं. फार लागलं गं. खुलासा पहिल्या पानावरच छाप.

तुझा,
लेवी जेरे

ता. क. खुलासा राहिला तरी चालेल. खरं काम निराळंच आहे. तुझा बाबा रोज सकाळी कुंपणापलीकडून ओरडायचा, "उठलास का रे, उंदीरखाऊ?" आता सगळे मला अहोजाहो करतात. त्याच्यामागे तो हक्क तुझा. उत्तरात आधी एक सणसणीत शिवी घाल. काकाबिका मग म्हण.