वेलीचा काढा सोडल्यावर

प्रिय दामियाँवदादा,

तू पाठवलेली मासळी पोचली. माझ्या लुसिनेतेने खारवून उन्हात टाकली आहे. झिल्माराचं लग्न नीट पार पडलं. तू आला नाहीस याची पोरीला रुखरुख आहे, पण नदीलाच पाणी नव्हतं तर होडी येणार कुठून? निघताना ती माझ्या गळ्यात पडून हमसाहमशी रडली. सगळे डोळे पुसत होते, आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत विचार करत होतो, की भाड्याच्या खुर्च्या आता परत कोण नेणार. दादा, पोटच्या पोरीच्या लग्नात मला काहीच वाटलं नाही.

आईला पुरल्यावर मी दारूत बुडालो होतो, तेव्हा तूच वेल कुटून, पानं घालून काढा केलास. आपल्या पंथाच्या देवळात प्याला हातात देताना म्हणालास, "घे रे, रडून घे पोटभर." मी रडलो, आणि उठलो तो माणूस होऊन. पुढची वीसेक वर्षं दर पंधरवड्याला तो प्याला, ती स्तोत्रं आणि माझी गिटार. मग सेंट जॉनच्या सणाला मी गाता गाता कोसळलो. शहरातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हृदयाला झेपणार नाही, काढा बंद. तुला वाटलं मी भ्यालो. भ्यालोच होतो.

सुरुवातीचे आठवडे बरे गेले. ना हात थरथरले, ना घाम फुटला. मग रबराच्या झाडाला चीर दिल्यावर चीक ठिबकत राहावा, तसं काहीतरी माझ्यातून निथळत गेलं. मानिओकच्या कंदाचं पीठ तोंडात वाळूसारखं लागू लागलं. गिटारीवर बोटं चालत, पण जणू शेजारचा कुणी वाजवतोय. थकलो की दिव्याभोवती काढा घेतल्यावर दिसायची ती नक्षी अजून हलते, पण नुसतीच नक्षी. आता तिच्यात आई दिसत नाही. देवळातले म्हणतात, "वेल रुसली त्याच्यावर." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दारूसारखं याचं व्यसन लागत नाही. पण इतकी वर्षं तुमचं मन त्याच्या आधाराने उभं होतं. मेंदूला सावरायला वेळ लागेल. किती, ते मला सांगता येणार नाही. कुणालाच येणार नाही."

तू कापडात गुंडाळून बाटली घेऊन आलास, तो दिवस मी विसरलेलो नाही. "एक घोट घे रे. तोंड बघ तुझं, मढ्यासारखं झालंय." लुसिनेतेने बाटली हिसकून अंगणात रिकामी केली. "भावोजी, पुन्हा हे आणलंत तर उंबरा ओलांडू देणार नाही." तू रागाने निघून गेलास. तिच्यावर राग धरू नकोस. डॉक्टरीणबाईंनी मला उदासीवर गोळ्या दिल्या आहेत, आणि त्या गोळ्यांवर काढा गेला तर जिवावर बेतेल असं बजावलं आहे. हे तुला कळू द्यायचं नाही, असं मीच लुसिनेतेला सांगितलं होतं. वेडाच्या गोळ्या खातो म्हणून तू हसशील असं वाटलं.

नाताळच्या सणाला येतो असं मी कळवलं, तेव्हा तू वेल कापायला निघाल्याचा निरोप आला. दादा, मी देवासाठी येत नव्हतो. तुला गोळ्यांचं ठाऊक नाही, म्हणूनच तुझ्याकडे येत होतो. तुझ्या हातचा प्याला घेऊन सगळ्यांच्या देखत गाता गाता पडलो असतो. हृदयाने गेला, म्हणाले असते लोक. हे ठरलं आणि मला गाढ झोप लागू लागली. त्या झोपेचीच मला भीती वाटली. आज सकाळी लुसिनेतेला सगळं सांगितलं. तिने चुलीवरचं भांडं उतरवून ठेवलं. मग म्हणाली, "आधी भावोजींना लिही, मग जेव." सणाला ती मला घेऊन येईल. मी हसेन, गोळ्या केव्हाच सोडल्या म्हणेन, तुझे पाय धरीन. तरी प्याला देऊ नकोस. मला तुझ्या शेजारी बसू दे, आणि माझा हात सोडू नकोस.

तुझाच धाकटा,
ओतोनिएल